दोन दांड्यांचं यंत्र

ब्रेकबाईंच्या नवऱ्यानं जाताना काही मोठं सांगितलं नाही. दवाखान्यातल्या पलंगावर, नाकाशी लावलेली नळी जरा बाजूला करून तो एवढंच म्हणाला, "बुधल्यांच्या नळीतलं पाणी संपू देऊ नकोस." त्याला वाटत होतं, आठवड्याभरात घरी जाऊ. ब्रेकबाईंनाही तसंच वाटत होतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पार्किंगची वेळ संपत आली म्हणून खाली गाडी हलवायला गेल्या. परत वर आल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

ब्रेकबाई हे नाव त्यांना शिकाऊ लोकांनी दिलेलं. त्या गाडी चालवायला शिकवत. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि शिकणाऱ्याला धोका दिसायच्या आधीच बाईंचा पाय त्यावर पडलेला असे. आपल्याला या नावानं ओळखतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यात वावगं काय, हे त्यांना कळलं नव्हतं.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर दुसऱ्यांची नजर सुधारून घरी आला की तो मागच्या खोलीत जाऊन वाइनकडे बघत बसे. दर हंगामात काळी द्राक्षं आणायची, चिरडायची, दोन मोठ्या काचेच्या बुधल्यांत भरायची आणि तोंडावर रबरी बूच लावून त्यात एक वाकडी नळी खोचायची. त्या नळीत थोडं पाणी असतं. आतली हवा बुडबुड करत बाहेर जाते आणि बाहेरची आत येत नाही. ब्रेकबाईंना वाइनमध्ये ना रस होता ना तिच्यावर राग. पण "बरं" म्हणून बसल्या होत्या, म्हणून नवरा गेल्यावरही त्या न चुकता नळीत पाणी घालत राहिल्या. त्यात भक्तिभाव वगैरे नव्हता. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तसं घालायच्या. घालून झालं की मात्र थोडा वेळ तिथेच उभ्या राहायच्या.

असे बरेच महिने गेले असते, पण मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. प्लंबर आला. त्यानं भिंतीला हात लावला, हाताचा वास घेतला आणि बुधल्यांकडे बोट दाखवलं.

"हे हलवा, मग बोलू. पाइप यांच्यामागे आहे."

"तुम्हीच हलवा."

प्लंबरनं एका बुधल्याला मिठी मारली आणि थोड्या वेळानं सोडली. "भरलेले आहेत हे."

"हो."

"मग ओतून टाका. मोरी आहेच इथे."

ब्रेकबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लाल दिवा असताना पुढे जाऊ का, असं विचारणाऱ्याकडे त्या असं बघत. प्लंबर म्हणाला, रविवारी सकाळी येतो, तोवर बघा काय ते.

ओतायची नाही म्हणजे बाटल्यांत भरायची. त्यांनी नवऱ्याचं सामान काढलं. धुऊन पालथ्या घातलेल्या बाटल्या होत्या, बुचांचं न फोडलेलं पाकीट होतं, वाइन खेचून घ्यायची लांब नळी होती. बुचं ज्यानं बसवायची ते यंत्र तेवढं नव्हतं. माळा झाला, पलंगाखालचं झालं, गाडीची डिकी झाली. यंत्र नव्हतं ते नव्हतंच.

मग त्यांना आठवलं की बाटल्या घरी कधी भरल्याच जात नसत. वर्षातून एका रविवारी नवरा कॅनमध्ये वाइन काढायचा, कॅन आणि बाटल्या गाडीत टाकायचा आणि संध्याकाळी बुचं लावलेल्या बाटल्या घेऊन परतायचा. कुठे भरून आणता, असं त्यांनी लग्नानंतर केव्हातरी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "एकाकडे." हा माणूस एका शब्दात उत्तर द्यायचा आणि ते पुरेसं आहे असं त्याला मनापासून वाटायचं. ब्रेकबाईंनी गृहीत धरलं, असेल कुणी दुकानदार.

तेव्हा त्या दुकानात गेल्या. स्टेशनरोडच्या टोकाला बरण्या, पिंपं, गाळण्या आणि झाकणं विकणारं एक दुकान होतं. दुकानदार स्टुलावर बसून एका बरणीला झाकण बसतंय का बघत होता. बसत नव्हतं.

"बाटलीला बूच बसवायचं यंत्र हवंय."

दुकानदारानं काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. पहिली म्हणजे लाकडी नळकांडं आणि त्यात वरखाली होणारा दांडा. दुसरी दोन दांड्यांची, कंदिलाला दोन हात फुटल्यासारखी. तिसरी त्यानं मांडली नाही, कारण ती जमिनीवर उभी राहणारी, लोखंडी आणि कमरेइतकी उंच होती. तिच्याकडे त्यानं फक्त हात केला.

"हे लाकडी कसं आहे?"

"चांगलं आहे. बूच आत घालायचं, वरून हातोडी मारायची."

"बाटलीवर हातोडी?"

"दांड्यावर मारायची. बाटलीवर मारू नका."

"आणि हे दोन दांड्यांचं?"

"तेही चांगलं आहे."

"आणि ते उभं?"

"ते फारच चांगलं आहे. बाटली खाली ठेवायची, दांडा ओढायचा, झालं. एकटा माणूस दिवसभर लावत बसला तरी दमायचा नाही."

"मग लोक बाकीची दोन कशाला घेतात?"

दुकानदारानं याचा विचार केला. "ते मोठं आहे," तो म्हणाला.

ब्रेकबाईंनी दोन दांड्यांचं यंत्र उचलून पाहिलं. वस्तू बघायची त्यांची एक पद्धत होती. आधी वजन, मग खिळखिळ, मग हिशेब की हे बिघडलं तर कुठे बिघडेल. दोन्ही दांडे वर केले की मधली सळई वर जाई आणि बूच ठेवायची जागा उघडी होई. दांडे खाली दाबले की सळई बूच एका निमुळत्या घरातून ढकलत बाटलीत नेई. बूच बाटलीच्या तोंडापेक्षा जाड असतं. नाकापेक्षा मोती जड, पण इथे तो मोती दाबून नाकातच घालायचा असतो, आणि सगळी करामत त्या निमुळत्या घराची. दुकानदाराकडे असली दोन होती; एकात ते घर प्लॅस्टिकचं होतं, दुसऱ्यात पितळेचं. त्यांनी पितळेचं घेतलं. उभं यंत्र घेतलं नाही, कारण आयुष्यात एकदाच वापरायच्या वस्तूनं घरात माणसाइतकी जागा अडवावी हे त्यांना पटलं नाही. घरात माणसाइतकी जागा नुकतीच रिकामी झाली होती, हे खरं. पण ती यासाठी नव्हती.

खोक्यावर एक चित्र होतं. एक माणूस दोन्ही हातांनी दोन दांडे दाबत होता आणि हसत होता. त्याची बाटली कोण धरत होतं, हे चित्रात नव्हतं.

ब्रेकबाई शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी रस्त्यावर नेत नसत, मैदानात नेत. त्यामुळे त्यांनी पहिली बाटली पाण्यानं भरली. स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवली, यंत्र तोंडावर बसवलं, दांडे दाबले. बाटली शांतपणे फ्रीजकडे निघून गेली.

मग त्यांनी स्टुलावर बसून ती गुडघ्यांत धरली. दांडे खाली येईनात, कारण खाली मांड्या होत्या. मग बादलीत घडी घातलेलं पांघरूण कोंबलं आणि मधे बाटली रोवली. बूच निम्मं आत गेलं, बाटली तिरकी झाली, आणि उरलेलं निम्मं बूच कुणीतरी जीभ दाखवावी तसं बाहेर राहिलं. ते त्यांनी सुरीनं कापलं. आता वाइन घेऊन बघू, असं ठरवून एक बाटली भरली. या वेळी एक दांडा आधी खाली गेला, दुसरा मागून, आणि बाटली आडवी झाली. नवऱ्याची वाइन ओट्याखाली, कपाटाखाली आणि ब्रेकबाईंच्या घरात घालायच्या चपलांमध्ये गेली.

त्यांनी फरशी पुसली. चपला धुतल्या. मग खोक्यावरच्या त्या हसणाऱ्या माणसाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. एका हातानं टाळी वाजत नाही हे त्यांना माहीत होतं. पण दोन हात असूनही बूच बसत नाही, हे नवीन होतं.

कुणीतरी बाटली धरायला हवी होती. शेजारच्या काकांची कंबर धरलेली होती, त्यांना आणखी काही धरायला सांगण्यात अर्थ नव्हता. प्लंबर म्हणाला, मी पाण्याचा माणूस. आपल्या शिकाऊ लोकांना घरी बोलावणं बाईंच्या शिस्तीत बसत नव्हतं. राहता राहिल्या वन्सं.

वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. त्या मोठ्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत काम करत. मोडलेलं हाड डॉक्टर जुळवतात, पण ते जुळलेलं असताना हलणार नाही असं धरून ठेवायचं आणि वर ओलं प्लास्टर गुंडाळायचं, हे काम वन्सं करत. त्यांच्या हातात आलेलं हाड हलत नसे. जिभेचंही तसंच होतं. एकदा न बोलायचं ठरवलं की ठरवलं.

आणि ब्रेकबाईंशी न बोलायचं त्यांनी ठरवून बरीच वर्षं झाली होती. झालं असं की भावाच्या आग्रहानं त्या वहिनींकडे गाडी शिकायला आल्या आणि परीक्षेत नापास झाल्या. परीक्षेच्या मैदानावर, बाकीच्या उमेदवारांसमोर, ब्रेकबाई म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही पायीच बऱ्या. तुमच्यासाठी नाही, रस्त्यासाठी सांगते." तेव्हापासून लग्नाकार्यात भेटल्या तर "कशा आहात", "बरी आहे", एवढंच. भाऊ गेला त्या दिवशीही दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या, मधे दोघींच्या पर्सा ठेवून.

ब्रेकबाईंनी फोन केला. नमनाला घडाभर तेल घालायची त्यांना सवय नव्हती.

"वन्सं, बाटली धरायला याल का?"

"कुठली बाटली?"

"तुमच्या दादाच्या वाइनची. बुचं बसवायची आहेत."

फोन कटला की काय म्हणून ब्रेकबाईंनी तो कानापासून काढून बघितला.

"शनिवारी दुपारी येते," वन्सं म्हणाल्या.

शनिवारी त्या आल्या. दारात बूट काढले, पिशवीतून दवाखान्यातला प्लॅस्टिकचा एप्रन काढून बांधला आणि रबराचा एक खरखरीत तुकडा काढून फरशीवर टाकला. "बाटली यावर ठेवायची. घसरत नाही." मग त्या बुटक्या स्टुलावर बसल्या, पाय फाकवून, मधे रबराचा तुकडा घेऊन, जणू इथेच बसायचं ठरलेलं होतं.

ब्रेकबाईंनी बुचं पातेल्यात घालून गॅसवर ठेवली होती.

"उकळू नका," वन्सं न बघताच म्हणाल्या. "चुरा होतो. कोमट पाण्यातून काढली तरी पुरे."

ब्रेकबाईंनी गॅस बंद केला. त्यांना सांगितलेलं आवडलं नव्हतं, पण बुचाचा एक तुकडा पाण्यावर तरंगायला लागला होता.

पहिली बाटली नळीनं भरून ठेवली. वन्संनी डाव्या हातानं बुडाशी आणि उजव्यानं मानेखाली धरली. ब्रेकबाईंनी यंत्र बसवून दांडे दाबले. बाटली जागची हलली नाही. बूच गेलं, पण जरा जास्तच खोल गेलं, तोंडापासून बोटभर आत.

"सळईवरचा नट फिरवा," वन्सं म्हणाल्या. "दोन आटे वर. म्हणजे बूच काठाशी बरोबर राहतं. दादा तसंच करायचा."

ब्रेकबाईंनी नट फिरवला. पुढचं बूच काठाशी बरोबर राहिलं. त्यांनी दांडे वर केले, यंत्र बाजूला घेतलं आणि पुढची बाटली लावली. तीही झाली. मग त्या म्हणाल्या,

"दादा तसंच करायचा, हे तुम्हाला कसं माहीत?"

"पुढची लावा."

"वन्सं."

"मीच धरायचे की," वन्सं म्हणाल्या. "दर वर्षी. माझ्या स्वयंपाकघरात. यंत्र माझ्याकडेच आहे अजून, ओट्याखाली. आता जरा गंजलंय."

ब्रेकबाई दोन्ही दांडे धरून उभ्या राहिल्या. त्यांना राग येत होता. पण इतक्या वर्षांचा राग एकदम आला की आधी कुठला काढावा कळत नाही, तसं झालं. 'एकाकडे' हा शब्द त्यांच्या डोक्यात फिरत होता. किती सरळ चेहऱ्यानं म्हणाला होता. एकाकडे. आणि एवढी वर्षं संध्याकाळी घरी येऊन त्यानं बहिणीचं नाव काढलं नव्हतं.

"तुमच्याकडे यंत्र होतं."

"आहे."

"मी नवीन विकत आणलं. फोनवर सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही बाटली धरायला बोलावलंत. यंत्राचं काही बोलला नाहीत."

ब्रेकबाईंनी बूच ठेवलं आणि दाबलं. हे काम असं होतं की दोघींचेही हात अडकलेले, तोंडं मात्र मोकळी. उठून दुसऱ्या खोलीत निघून जायची सोय नव्हती, कारण एकीनं सोडलं तर दुसरीच्या अंगावर वाइन. तेव्हा जे बोलायचं ते एका बाटलीकडून दुसऱ्या बाटलीकडे जाताना बोलावं लागलं.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मीच सांगू नकोस म्हटलं होतं."

"का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता. आणि मला बाटली धरायला शिकवली असती."

ब्रेकबाईंनी दांडे दाबले. हे खोटं आहे असं त्यांना म्हणवेना. आल्याच असत्या.

"काय बोलायचात दोघं?"

"काही नाही. बाटल्या भरायचो. एकदा म्हणाला, तुम्ही झोपेत पाय दाबता. गादीवर. ब्रेक लावल्यासारखा."

"हे सांगितलं?"

"एवढंच सांगितलं. बाकी काही सांगत नसे. माणूस कसा होता, तुम्हाला माहीत आहे." वन्संनी बूच बसलेली बाटली उचलून रांगेत ठेवली आणि पुढची भरलेली घेतली. मग खाली बघतच म्हणाल्या, "तो गेल्यावर मला वाटलं, तुम्ही फोन कराल. वाइनचं विचारायला. फोन आला नाही, तेव्हा समजले, ओतून दिली असणार."

"मी रोज नळीत पाणी घालत होते," ब्रेकबाई म्हणाल्या.

वन्संनी वर बघितलं. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. प्लास्टरच्या खोलीत लोक ओरडतात, शिव्या देतात, तेव्हाही तो बदलत नसे. फक्त त्यांनी एप्रनच्या खांद्याला नाक पुसलं, कारण हात मोकळे नव्हते.

"पुढची लावा," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला बाटल्या जमवायचा नाद होता आणि या नादात भेदभाव नव्हता. चांगल्या जाड वाइनच्या बाटल्यांमध्ये कुठे व्हिनेगरची, कुठे सरबताची अशा पातळ मानेच्या बाटल्याही घुसलेल्या. तशी एक हाताला आली. तिच्या तोंडाला झाकण फिरवायचे आटे होते. ब्रेकबाईंनी यंत्र बसवलं.

"थांबा," वन्सं म्हणाल्या.

जन्मभर दुसऱ्यांना थांबवत आलेल्या माणसाला थांब म्हटलेलं चटकन ऐकू येत नाही. शिवाय ब्रेकबाईंच्या मनात अजून गादीवरचा ब्रेक होता. त्यांनी दाबलं, आणि जरा जोरातच दाबलं. बाटलीची मान कट् करून तुटली. वाइन वन्संच्या एप्रनवर आली आणि काच तळहातात गेली.

वन्संनी हात उलटा करून पाहिला.

"व्हिनेगरच्या बाटलीला यंत्र चालत नाही," त्या म्हणाल्या. "मान पातळ असते."

"मी थांबायला हवं होतं."

"हो."

ब्रेकबाईंनी गाडीतली प्रथमोपचाराची पेटी आणली. हात नळाखाली धुतला, काच नाही ना ते उजेडात बघितलं आणि पट्टी गुंडाळायला घेतली. आयुष्यात त्यांच्या गाडीला कधी अपघात झाला नव्हता, त्यामुळे पेटी नवी कोरी होती आणि पट्टी बांधायचा सराव शून्य. वन्सं बघत होत्या.

"सैल आहे."

ब्रेकबाईंनी घट्ट केली.

"आता बोटं निळी होतील. सोडा आणि मनगटापासून सुरू करा. तिरकी घ्या. अंगठा मोकळा ठेवा. अंगठ्याची गरज असते माणसाला."

तिसऱ्या वेळी जमलं. वन्संनी मूठ उघडून मिटून पाहिली. "चालेल," त्या म्हणाल्या. हा शब्द त्या सहज वापरत नाहीत हे ब्रेकबाईंना माहीत नव्हतं, तरी त्यांना बरं वाटलं.

ओट्याला टेकून दोघी जरा बसल्या. ब्रेकबाई म्हणाल्या, "तुम्हाला गाडी शिकायची होती एवढी, तर दुसऱ्या कुणाकडे जायचं होतंत."

"मला कुठे शिकायची होती?"

"मग?"

"दादानं फी भरून टाकली होती. नाही म्हणवेना. मला स्टिअरिंगला हात लावायलाही नको वाटायचं. नापास झाले तेव्हा सुटले म्हटलं."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत माझ्याशी?"

"तुम्ही म्हणालात ते खरंच होतं. चारचौघांत म्हणालात. माझ्या दवाखान्यातला एक वॉर्डबॉय त्याच रांगेत उभा होता परीक्षेला." वन्संनी पट्टीचं टोक आत खोचलं. "पुढे कित्येक दिवस मला सगळे 'पायीच बऱ्या' म्हणायचे. औषधांच्या खिडकीवरून हाक मारायचे."

हे ब्रेकबाईंना माहीत नव्हतं. कुणाला नाव पडलं की ते कसं चिकटतं हे त्यांना माहीत असायला हवं होतं. त्या उठल्या, फरशीवरची काच झाडली, दोनदा झाडली, मग ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि उरलेल्या बाटल्यांतून आट्याच्या तोंडाच्या सगळ्या बाटल्या एक एक तपासून बाजूला काढल्या.

जखमी हातानं वन्संना बाटली धरता येईना. तेव्हा पुन्हा बादली आणि पांघरूण आलं. वन्सं स्टुलावर बसून बादली गुडघ्यांत दाबून धरत आणि कोपरांनी बाटलीची मान आवळत. दिसायला ते काही बरं दिसत नव्हतं. पण बूच मात्र सरळ जात होतं.

"एक, दोन, दाबा," वन्सं म्हणत आणि ब्रेकबाई दाबत. कुणाच्या सांगण्यावर आपण हातपाय हलवतोय, असं ब्रेकबाईंच्या आयुष्यात फारसं झालं नव्हतं. चारपाच बाटल्यांनंतर त्यांना ते अंगवळणी पडलं.

बुधले रिकामे झाले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. तळाशी गाळाच्या वर थोडी वाइन उरली. ती दोन पेल्यांत ओतली, कारण टाकवेना. दोघींनी चव घेतली.

"आंबट आहे," ब्रेकबाई म्हणाल्या.

"नेहमीच असायची."

"तुम्हाला आवडते?"

"नाही. मी पीत नाही. तुम्ही?"

"मीही नाही."

दोघींनी स्वयंपाकघरभर उभ्या केलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. खूपच होत्या. ओटा भरला होता, खिडकीची चौकट भरली होती, आणि जेवणाचं टेबल तर बाटल्यांखाली दिसेनासंच झालं होतं.

"मग तो कुणासाठी करायचा?" ब्रेकबाई म्हणाल्या.

"वाटायचा. दुकानात, माझ्या गल्लीत, माझ्या दवाखान्यात. वाइन घेऊन आला की आमच्या प्लास्टरच्या खोलीत तासभर बसायचा. पेशंटना चष्म्याचा नंबर सांगायचा. कुणी विचारलं नसलं तरी."

हेही ब्रेकबाईंना माहीत नव्हतं. आपल्या नवऱ्याचं आपल्याला माहीत नसलेलं बरंच काही या बाईच्या ओट्याखाली ठेवलेलं आहे, असं त्यांना वाटलं. त्याचं वाईटही वाटलं आणि आणखी ऐकायचीही इच्छा झाली. त्यांनी दुसरं काही न सुचून विचारलं, "जेवून जाल ना?"

"टेबल कुठे आहे?"

टेबलावरच्या बाटल्या खुर्च्यांवर ठेवल्या आणि दोघी स्टुलांवर बसून जेवल्या.

रविवारी प्लंबर आला. बुधले त्यानं एका हातात एक असे उचलून बाहेर ठेवले, भिंत फोडली, पाइप बदलला आणि जाताना ओट्यावरची एक बाटली घेऊन गेला. ती लगेच आडवी ठेवू नका, बूच फुगून बसायला दोनतीन दिवस लागतात, असं ब्रेकबाईंनी त्याला दारातून सांगितलं. हे आपल्याला कालपर्यंत माहीत नव्हतं, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

वन्सं मधल्या वारी पुन्हा आल्या, बाटल्या आडव्या ठेवायला. ते काम ब्रेकबाईंना एकटीनंही जमलं असतं. पट्टी बदलायची होती, असं वन्सं म्हणाल्या. ज्या दवाखान्यात त्या काम करत तिथे पट्ट्यांचा तुटवडा होता असं कधी ऐकण्यात नव्हतं. ब्रेकबाईंनी मनगटापासून तिरकी पट्टी बांधली, अंगठा मोकळा ठेवून.

"जरा सैल आहे," वन्सं म्हणाल्या.

"नाही आहे."

वन्संनी मूठ मिटून पाहिली. "नाही आहे," त्या म्हणाल्या.

थंडीभर बाटल्या वाटल्या गेल्या. निम्म्या दवाखान्यात, निम्म्या गल्लीत. दोन बाटल्या गळल्या. एक शेजारच्या काकांना इतकी आवडली की ते कंबर धरून आणखी मागायला आले. चष्म्याच्या दुकानाच्या मालकानं बाटली हातात घेतली, बुचाकडे पाहिलं आणि म्हणाला, "यंदा बुचं सरळ बसलीत." ब्रेकबाईंनी ते वन्संना फोन करून सांगितलं. वन्सं म्हणाल्या, दादाची तिरकीच जायची, त्याला सांगून उपयोग नव्हता.

पुढच्या हंगामात बाजारात काळी द्राक्षं आली. वन्संचा फोन आला.

"वहिनी, करायची का यंदा?"

"आपण दोघी पीत नाही."

"माहीत आहे."

ब्रेकबाईंचा एक शिकाऊ त्या वेळी गाडी मागे घेत होता आणि खांबाकडे बघत नव्हता. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली.

"किती आणायची?" त्यांनी विचारलं.

"दादा दोन पेट्या आणायचा."

"दोन फार होतात. दीड आणू."

"दीड पेटी कुणी देत नाही."

"देतात. मी विचारते."

"तुम्ही विचारा मग," वन्सं म्हणाल्या. "मी दोन सांगून ठेवते."